टॉवरला होकार देण्याआधी

पावसाळा तोंडावर आला की वाशीत दोन गोष्टी हमखास होतात. महापालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते, आणि कुठल्या ना कुठल्या सोसायटीत पुनर्विकासाची सभा लागते. सभेत एक जण लॅपटॉपवर चित्र दाखवतो. चित्रात आकाशाला टेकलेला टॉवर, खाली निळं पोहण्याचं तळं, आणि तळ्याकाठी आपल्यापैकी कुणासारखीच न दिसणारी एक बाई. मग विचारतात, "कबूल?" आणि हात वर होतात.

मागच्या कार्यक्रमानंतर आमच्या गटांतल्या बऱ्याच जणींनी हेच विचारलं, की आपण हात वर करतो तेव्हा नेमकं कशाला हो म्हणतो? म्हणून आज उंच इमारतींबद्दल बोलू. टॉवर वाईट की चांगला, हा आमचा प्रश्न नाही. ज्या घराचा स्लॅब पावसाळ्यात ताटात पडतो, त्या घरातल्या बाईला टॉवर नको म्हणून सांगणारे आम्ही कोण? पण टॉवर म्हणजे जुनंच घर उचलून वर ठेवलं, असं मात्र नाही. खर्च, शेजार, कामाची वाट, सगळंच त्याच्याबरोबर बदलतं.

आधी थोडं मागे जाऊ. आपलं शहर तसं तरुण आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ च्या सुमारास कल्पना मांडली, की मुंबईची गर्दी खाडीपलीकडे वळवावी. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी घ्यायची ठरली. बेलापूरला शहराचं मुख्य केंद्र करायचं, म्हणून त्याला नाव दिलं सीबीडी. रिक्षावाले 'सीबीडी, सीबीडी' ओरडतात, पण त्याचा अर्थ 'मध्यवर्ती व्यापारी भाग' आहे हे विचारलं तर दहातले आठ जण हसतील. बेत असा होता की सरकारचं मुख्य कामकाज तिथे यावं. कोकण भवन आलं, सिडकोचं मुख्यालय आलं, मंत्रालय मात्र दक्षिण मुंबईतच राहिलं. आणि बाजारहाटाचं केंद्र वाशीच झालं, कारण १९७३ चा खाडीपूल वाशीला उतरला आणि १९९२ मध्ये लोकलही आधी वाशीलाच पोचली.

या भागात आज तीन तऱ्हांचे शेजार एकमेकांना खेटून आहेत. पहिला गावठाणांचा: वाशीगाव, जुहूगाव, बेलापूरकडचं दिवाळे, शहाबाज. इथले आगरी-कोळी शहराच्या आधीपासूनचे. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये उरणकडे जासई परिसरात आंदोलन झालं. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. दुसरा शेजार सिडकोच्या वसाहतींचा, म्हणजे ए टाइप, बी टाइप, जेएन टाइप. चार मजले, लिफ्ट नाही, जिन्यात उभं राहून बोलण्याइतकी जागा. तिसरा टॉवरचा. पाम बीच रस्त्याच्या कडेने आधी टॉवर उभे राहिले, आता जुन्या सिडको इमारती पाडून वाशीच्या पोटातही येत आहेत.

जुन्या इमारती इतक्या लवकर का खचल्या? वयाने त्या आपल्यापेक्षा फार मोठ्या नाहीत. त्याला कारणं अनेक, पण एक कारण आपल्या श्वासातच आहे: खाडीची खारी हवा. काँक्रीटमधून क्षार आत झिरपतात, सळईला गंज चढतो. गंजलेलं लोखंड फुगतं, मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं. बाहेरचं काँक्रीट ते सहन करत नाही, आधी लांब चीर पडते, मग ढलपा सुटतो. म्हणून छताला तपकिरी डाग आणि सरळ रेषेतली चीर दिसली तर नुसता रंग मारून झाकू नका. आतली सळई गंजत असल्याची ती खूण असते. हीच हवा नव्या टॉवरलाही लागणार आहे. टॉवरचा खारेपणाशी काही करार झालेला नसतो!

तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणं कायद्याने बंधनकारक आहे. तपासणीनंतर इमारतीला वर्ग मिळतो. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, ताबडतोब रिकामी करायची. सी-२ ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२ बी म्हणजे राहूनच दुरुस्ती होऊ शकते. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. 'बिल्डिंग डेंजर झाली' एवढंच ऐकून घाबरू नका, कोणता वर्ग आणि कोणी दिला हे विचारा. सी-२ बी च्या इमारतीत 'उद्याच कोसळेल' असं सांगून सह्या घेतल्याचं आम्ही पाहिलं आहे. आणि सी-१ च्या इमारतीत 'काही होत नाही' म्हणत राहणारी कुटुंबंही पाहिली आहेत. दुसरी गोष्ट जास्त भीतीची.

आता तो शब्द, जो सभेत सारखा येतो: एफएसआय. मराठीत चटई क्षेत्र निर्देशांक. भाकरीच्या पिठाचा गोळा डोळ्यांपुढे आणा. भूखंड १००० चौरस मीटरचा आणि निर्देशांक १ असेल तर बांधायला १००० चौरस मीटरचा गोळा मिळाला. तो परातभर थापला तर एकच मजला, अंगण शून्य. त्याच्या चार लहान भाकऱ्या करून एकावर एक ठेवल्या तर चार मजले, प्रत्येक २५० चा, आणि ७५० चौरस मीटर जागा मोकळी. म्हणजे उंची वाढली म्हणून घरं वाढली असं होत नाही, पीठ तेवढंच आहे. पीठ वाढतं ते निर्देशांक वाढला की. सिडकोने बांधलेल्या मोडकळीस आलेल्या इमारतींना २०१५ मध्ये शासनाने अडीचपर्यंत निर्देशांक मंजूर केला, आणि डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता बहुतेक राज्यासाठी एकच बांधकाम नियमावली आली आहे. अडीच निर्देशांकात त्याच २५० च्या पायावर दहा मजले होतात. शिवाय खाली गाड्यांचे मजले आले की इमारत आणखी वर जाते.

हे जास्तीचं पीठ कुणाच्या परातीत जातं, ही खरी विचारायची गोष्ट. त्यातून जुन्या सभासदांची थोडी मोठी घरं निघतात, बांधकामाचा खर्च निघतो, आणि उरलेली घरं विकून बिल्डरचा नफा निघतो. त्यात गैर काही नाही, फुकट कोण बांधून देणार? पण वाटणी काय ठरली ते बाईला माहीत हवं. 'तुम्हाला इतके फूट देऊ' म्हटलं की विचारा, रेराच्या व्याख्येतलं चटई क्षेत्र की बिल्ट-अप? भिंतीच्या आतली वापरायची जागा म्हणजे चटई क्षेत्र. सुपर बिल्ट-अपमध्ये जिना, लिफ्ट, गच्चीही तुमच्या नावावर चढते, आणि त्यावर पलंग टाकता येत नाही.

उंचीला आणखीही बंधनं आहेत. अग्निशमन विभागाची परवानगी हवी. विमानतळाच्या परिसरात विमानतळ प्राधिकरणाचा उंचीचा दाखला लागतो, आणि नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं हे आपण जाणतोच. म्हणून 'चाळीस मजले' हे तोंडी आकडे ऐकून नाचायचं नाही. मंजूर नकाशात किती मजले आहेत ते बघायचं.

आता खर्च. इथे आम्ही बचत गटवाल्या जरा रेंगाळणार, कारण टॉवरमध्ये गेल्यावर घर विकून दूर जावं लागलेली कुटुंबं बहुतेक इथेच अडकलेली असतात. चार मजली इमारतीत एक पंप, एक टाकी आणि फार तर एक रखवालदार असतो. टॉवरमध्ये दोन-तीन लिफ्ट, त्यांचे वार्षिक करार, जनित्र, आगीचे पंप, सांडपाणी शुद्धीकरण यंत्र, तीन पाळ्यांचे रखवालदार, सफाईवाले. लोकांना वाटतं पाणी वर चढवण्याची वीज महाग पडते. तसं नाही. हजार लिटर पाणी ७० मीटर चढवायला साधारण अर्धा युनिटही लागत नाही. पैसा जातो तो यंत्रांच्या देखभालीत आणि पगारात, आणि तो दरवर्षी वाढतो.

या खर्चाची वाटणी कशी होते? सोसायटीच्या आदर्श उपविधींत ती लिहिलेली आहे. लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांना सारखा, तुम्ही पहिल्या मजल्यावर राहून लिफ्टला हात लावत नसलात तरी. सेवा शुल्कही सगळ्यांना सारखं, घर लहान असो की मोठं. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि आकारावर. दुरुस्ती निधी बांधकामखर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का, सिंकिंग फंड किमान पाव टक्का. म्हणजे एक खोली-स्वयंपाकघरवाली आणि तीन बेडरूमवाली, दोघींना लिफ्ट-रखवालदाराचा वाटा एकच. नव्या टॉवरमध्ये विकत घेऊन आलेले लोक संख्येने जास्त असतात. त्यांनी व्यायामशाळा, क्लब असं एकेक ठरवत नेलं की बिल चढत जातं, आणि सभेत जुन्यांची मतं कमी पडतात.

यावर बिल्डर म्हणतो, आम्ही कॉर्पस देतो, त्याच्या व्याजात भागवा. चला, गटाच्या वहीसारखा हिशेब मांडू. समजा कॉर्पस ५ लाख मिळाला. साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ३२,५०० रुपये, म्हणजे महिन्याला साधारण २,७०० रुपये व्याज. समजा आज तुमचं मेंटेनन्स १,५०० आहे आणि टॉवरमध्ये ६,५०० होणार. फरक ५,००० चा. व्याजातून २,७०० गेले, उरले २,३०० दर महिन्याला घरातून. आणि हे कधीपर्यंत? मुलीच्या लग्नात किंवा आजारपणात ते ५ लाख मोडले नाहीत तोपर्यंत. आमचं मत विचाराल तर कॉर्पस हातात न घेता मुदत ठेवीत, नवरा-बायको दोघांच्या नावावर ठेवावा. रक्कम तुमच्या घरची वेगळी असेल. पण हा कागद प्रत्येकीने सहीआधी स्वतःच्या हाताने मांडावा, मुलाकडून नको, सेक्रेटरीकडून तर नकोच.

सभेची रीतही कळायला हवी. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासाठी शासनाने २००९ मध्ये आणि नंतर ४ जुलै २०१९ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या, सहकार कायद्याच्या कलम ७९ ए खाली. विशेष सभेची नोटीस १४ दिवस आधी. सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत आणि ५१ टक्के सभासदांची मान्यता हवी. आधी सल्लागार नेमायचा, त्याने इमारतीचा आणि जमिनीचा अहवाल द्यायचा, मग निविदा. विकासक निवडण्याच्या सभेला निबंधकांचा प्रतिनिधी असतो आणि चित्रीकरण होतं. विकासकाने बँक हमी द्यायची असते, आणि करारनामा नोंदणीकृत हवा. सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची असल्याने सिडकोची परवानगी वेगळी. 'बिल्डर आपला ओळखीचा आहे, निविदा कशाला' असं वाक्य आलं की कान टवकारा. बँक हमी का? तर काम थांबलं आणि पर्यायी घराचं भाडं बंद झालं, तर हातात काहीतरी असावं म्हणून. भाडं बंद पडल्यावर रस्त्यावर संसार येतो तो बाईचाच.

आता नावाचा प्रश्न. सभेत मत कुणाचं? भागप्रमाणपत्रावर पहिलं नाव ज्याचं, त्याचं. दुसरं नाव असलेली पत्नी पहिला सभासद गैरहजर असताना मत देऊ शकते. आमच्या गटातल्या बऱ्याच जणींचं नाव भागप्रमाणपत्रावर नाहीच, हप्ते मात्र त्यांनी पोळ्या लाटून फेडले. पुनर्विकासात नवा करार होतो. नाव घालून घ्यायची ही चांगली वेळ, कारण कागद नाहीतरी नव्याने होणारच आहेत. नवरा वारला असेल तर वारसनोंद आधी पूर्ण करा, नाहीतर भाड्याचा धनादेश कुणाच्या नावाने काढायचा यावरच भावाभावांत जुंपते. व्यवस्थापन समितीत महिलांसाठी राखीव जागा असतात. त्या जागेवर नुसती सही करणारी वहिनी बसवू नका, हिशेब विचारणारी बसवा. आणि पुढे कधी बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर राज्यात एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, तिच्या अटी वाचून घ्या.

शेजाराबद्दल बोलायचं तर बेलापूरलाच जायला हवं. सेक्टर ८ मध्ये, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात आर्टिस्ट व्हिलेज बांधलं. सात घरं एका लहान अंगणाभोवती, असे तीन गट मिळून एक मोठं अंगण, ती मोठी अंगणं जोडून मैदान. घरं बैठी किंवा दुमजली, एकमेकांच्या भिंती सामाईक नाहीत, म्हणजे पैसा आला की आपलं घर आपण वाढवावं. त्यांचं म्हणणं होतं की पुष्कळ माणसं वसवायला टॉवरच लागतो असं नाही, हेक्टरी ५०० माणसं अशीही बसतात. आज तिथली कितीतरी घरं पाडून मोठी बांधली गेली आहेत, काही ओळखूही येत नाहीत. पण अंगणं आहेत. संध्याकाळी मुलं कुणाच्या नजरेखाली खेळतात हे विचारावं लागत नाही, तिथे कायम कुणीतरी पायरीवर असतं.

टॉवरमध्ये ही पायरी नसते. अठराव्या मजल्यावरून खालचं मूल दिसतं, पण हाक पोचत नाही. म्हातारी माणसं लिफ्ट बंद पडली की घरात कोंडली जातात. दुसरी बाजूही सांगायला हवी. गच्च शेजारात जिची प्रत्येक साडी मोजली जाते, तिला टॉवरचं बंद दार मोकळीक वाटतं. एकटी राहणारी नोकरदार मुलगी आम्हाला म्हणाली, "ताई, इथे मी रात्री दहाला आले तरी खिडकीतून कुणी बघत नाही." तेही खरंच.

वर आणि खाली जाणाऱ्या बायकांचा तिसरा हिशेब असतो. आमच्या गटांतल्या घरकाम करणाऱ्या मैत्रिणी तुर्भ्याहून, गावठाणातून येतात. जुन्या इमारतीत त्या जिना चढून दार वाजवायच्या. टॉवरला फाटकावर मोबाइलमध्ये नोंद, कार्ड, पिशवीची तपासणी, आणि सर्व्हिस लिफ्टची रांग. चार घरांची कामं एकाच टॉवरमध्ये मिळतात हा फायदा, पण रांगेतला अर्धा तास पगारात धरला जात नाही. काम ठरवताना वेळ फाटकापासून धरा, दारापासून नव्हे.

आगीबद्दल थोडक्यात. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत आगीची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र सोसायटीने द्यायचं असतं. त्याला बी फॉर्म म्हणतात. वार्षिक सभेत तो मागा. उंच इमारतीत मधल्या काही मजल्यांवर आसऱ्याची मोकळी जागा ठेवलेली असते, तिथे सायकली, फुटकी कपाटं, लग्नाचे मंडप असं काही साठवायचं नाही. आग लागली तर लिफ्ट नाही, जिना. घरकामाला जाणाऱ्यांनी आसऱ्याचा मजला पहिल्याच दिवशी बघून ठेवावा, कारण कवायत होते ती रविवारी, आणि रविवारी बऱ्याच जणींची सुट्टी असते.

शेवटी आपल्या गटाचं. इमारत रिकामी होते तेव्हा मालकांना पर्यायी भाडं मिळतं. भाडेकरूला करारातली नोटीस आणि अनामत, एवढंच. म्हणजे बारा जणींच्या गटातल्या पाच वाशीतच भाड्याने जातात, चार कोपरखैरणे-कळंबोलीकडे, आणि तिघी थेट गावी. गटाचं कर्ज मात्र वाशीच्या वहीत. म्हणून इमारतीला नोटीस लागली की लगेच तीन ठराव लिहून घ्या. बँकेत सही करणाऱ्या तिघींपैकी किमान दोघी जवळपास राहणाऱ्या हव्यात, नसतील तर सह्या बदला. ज्या गावी जाणार त्यांचं कर्ज त्यांच्या बचतीतून वळतं करून उरलेल्या रकमेचे हप्ते लेखी ठरवा, कारण 'पाठवते गं' या शब्दावर गट चालत नाही. आणि बैठकीची जागा बदलून घ्या. जिन्याखालच्या जागेत भरणाऱ्या दोन गटांनी ती आता जुहूगावात एका सदस्येच्या ओटीवर नेली आहे, महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी तीनला. कळंबोलीच्या दोघी लोकल आणि रिक्षा करून येतात, रिक्षाचं भाडं गट देतो, आणि तो खर्च वहीत वेगळ्या रकान्यात लिहिला जातो.